रकाना सातवा

थंडर बेच्या वाचनालयाच्या तळघरात, डबा खायच्या खोलीत,
आयली कोस्केला अर्ज भरत बसली आहे.
बाहेर उणे एकतीस. टेबलावर वाटाण्याचं सूप,
ऑफिसकडून मागून आणलेलं पेन.

सहा रकाने तिने सरळ भरले.
नाव, पद, विभाग,
वर्षं: तेवीस, त्यातली नऊ अर्धवेळ.
सातव्याशी हात थांबला.
'आपली व्यावसायिक कौशल्ये, उदाहरणांसह.'

"काय लिहू, दार्का? मी नुसती पुस्तकं लावते."

हा 'नुसती' आम्हाला
नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळतो,
लॉकरच्या किल्लीबरोबर.
माझ्याकडेही आहे.

मग मी आठवत गेले, आणि ती मान हलवत राहिली.

मागच्या मार्चात, छत गळायच्या दोन दिवस आधी,
नकाशांच्या कपाटापाशी तू थबकलीस,
वास घेतलास, म्हणालीस, ओल आहे.
कुणी ऐकलं नाही.
चारशे नकाशे तू एकटीने वरच्या मजल्यावर नेलेस.
पेपरात फोटो आला तो व्यवस्थापकांचा.

"हे लिहायचं?"
लिही.
"पण वास कसा लिहितात?"
मी पेन घेतलं. लिहिलं:
संग्रह-संरक्षण, प्रतिबंधात्मक.
ती इतकी हसली
की सूप अर्जाच्या कोपऱ्यावर सांडलं.

आणि धान्याच्या कोठारात काम केलेला तो म्हातारा,
दर गुरुवारी पत्र घेऊन येणारा,
चष्मा घरी राहिला म्हणणारा?
अकरा वर्षं त्याचा चष्मा घरीच आहे.
तू पत्र वाचतेस, हळू आवाजात,
जणू दोघं मिळूनच वाचताय,
आणि सहीच्या जागी बोट ठेवतेस.
हे तर लिहायलाच हवं.

ती हसायची थांबली.
"ते नको. ते त्याचं आहे."

मी बराच वेळ पेन धरून बसले.
त्या ओळीत आम्ही काही लिहिलं नाही.
परीक्षकांनी नंतर शेरा मारला:
एक उदाहरण कमी.

मग मंगळवारची रात्रशाळा.
शिकवणारी आयलीच्या लेकीपेक्षा लहान,
तिला 'मिसेस के' म्हणायची.
नव्या तालिकेचे नियम आयलीने
विणकामाच्या वहीत उतरवले,
मोज्यांच्या टाक्यांशेजारी.
एकदा बसमध्ये वही उघडून म्हणाली,
"हे तर मी करतेच गं.
याला नाव आहे हे कुणी सांगितलं नव्हतं."

मे महिन्यात, बंदरातला बर्फ फुटला त्या आठवड्यात,
प्रमाणपत्र आलं.
केक आला. संचालकबाई दोन वाक्यं बोलल्या.
पगारात तासाला चाळीस सेंट.
आणि कोस्केलातला एक 'एल' जास्त.

आम्ही म्हटलं, जाऊ दे ना.
असल्या गोष्टी आम्ही जाऊच देतो,
त्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

आयलीने ते पाकिटात घातलं, परत पाठवलं,
सोबत चिठ्ठी:
'तेवीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं
अक्षर न् अक्षर तपासून कार्डावर चढवली.
माझंही तसंच यावं.'

जुलैत दुसरं आलं. बिनचूक.
भिंतीवर नाही लावलं.
लॉकरच्या दाराला, आतून,
नातवाच्या फोटोच्या थोडं खाली.

माझा अर्ज माझ्याकडे तसाच आहे,
सातव्या रकान्यात अजून
एकच शब्द, आणि तोही खोडलेला.

काल एक पोरगा काउंटरपाशी आला,
कानटोपीवर बर्फ, हातात चुरगळलेला कागद.
"तुम्ही ग्रंथपाल का?"

या प्रश्नाला तिचं उत्तर मला पाठ आहे:
नाही, थांब, बोलावते.

"नाही," आयली म्हणाली,
आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.
"पण विचार."